जो सांगतो त्याला ऐकावं लागत नाही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही स्टुडिओत एका माणसाला फसवत होतो. आमच्या रेडिओवरच्या सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमातला तो नेहमीचा खेळ आहे, नाव 'गळ'. श्रोता आपल्या ओळखीच्या कुणाचा तरी नंबर कळवतो, आमचा निवेदक निखिल कसलीतरी बतावणी करून त्याला फोन लावतो, तो माणूस गोंधळतो, चिडतो, शेवटी निखिल आपलं खरं नाव सांगतो आणि दोघंही हसतात. त्या बतावण्या मी लिहिते. त्या दिवशी कार्यक्रमात गाणी चालू असताना मधल्या वेळात दुसऱ्या दिवसाचा खेळ ध्वनिमुद्रित होत होता. कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ छान गळाला लागले होते आणि माझ्या मोबाइलवर मामीचं नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं. बाहेर येऊन फोन घेतला. मामी म्हणाली, "सुजे, हलवलं तर उठले न्हाईत गो." एवढंच. तिच्यामागे रेडिओवर आमचाच कार्यक्रम चालू होता. रोजच्यासारखा तो लावून ती त्यांना उठवायला गेली होती…

बाळाराम मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. राहायला कोन गावाला, कामाला जवळच्या भिवंडीत रफीकशेठच्या पॉवरलूम कारखान्यात जॉबर. लूम बसवायचे, बिघडला की दुरुस्त करायचे, सुरू असलेल्यावर नजर ठेवायची, हे जॉबरचं काम. आमचं गाव पडघ्याच्या पलीकडे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न आला तेव्हा मामा आमच्या अंगणात बसून आईला म्हणाले, "पोरीला कोनला धाडून दे. मामी एकटीच बडबडत असते, तिला बोलायला माणूस होईल." मामी बडबडी होती हे खरं. पण ती एकटीच का बडबडत असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

कोनला राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत पडला. मागून हाक मारली तर मामा वळत नसत. समोर उभं राहून बोललं तर चटकन उत्तर देत. एकदा त्यांच्या पाठीमागे माझ्या हातून पितळेचं पातेलं पडलं, शेजारीण डोकावून गेली, मामा शांतपणे नखं कापत बसले होते. मामीनं मला स्वयंपाकघरात नेलं. "कान गेलेत त्यांचे. लूमनं खाल्ले. ही घरातली गोष्ट, घरातच ठेवायची." कारणही तिनंच सांगितलं. शेजारच्या एका कारखान्यात कमी ऐकू येणाऱ्या जॉबरला 'बंद कर' ही ओरड ऐकू आली नव्हती आणि एका कामगाराची बोटं गेली होती. त्यानंतर रफीकशेठनी सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं की कान गेलेला माणूस त्यांच्या कारखान्यात राहणार नाही. त्या घोळक्यात मामाही होते. शेठचे ओठ बघून त्यांना प्रत्येक शब्द कळला होता.

मामांना दुसरं काम येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. लूमच्या सांगाड्यावर तळवा ठेवून ते उभे राहत आणि आत काय बिनसलंय ते त्यांना कळे. मी एकदा धीर करून विचारलं, "पण मामा, कुणी ओरडलं तर?" ते म्हणाले, "मी चालू लूमकडे पाठ करीत न्हाय. कदीच न्हाय." मग म्हणाले, "शेठ चुकीचं न्हाय बोलला." त्यांनी लपवलं ते बरोबर होतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं.

मला जास्त कुतूहल होतं ते हे सगळं जमतं कसं याचं. मामांनीच एकदा समजावलं. लूम चालू असताना कारखान्यात कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, जवळून मारलेली ओरड तेवढी कळते. यूपीचा असो, तेलंगणाचा असो की आपल्याकडचा, सगळे ओठ वाचतात, हातांनी बोलतात. त्या गोंगाटात मामा सगळ्यांसारखेच होते. भीती होती ती लाइट जाण्याची. लूम थांबले, शांतता झाली की माणसं इकडे तिकडे तोंडं करून, पाठमोरी, तोंडात तंबाखू धरून बोलू लागतात. मामांची परीक्षा तेव्हा सुरू होई. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे रेडिओ.

लाइट गेली आणि चहा आला की मामा मधोमध बसून सकाळच्या कार्यक्रमातल्या गमती सांगत. तेव्हा कार्यक्रमात एक सदर असे. एका सरकारी कचेरीतला शिपाई प्रत्येक फोनला 'साहेब बाहेर गेलेत' हेच सांगतो, पण साहेब कुठे गेलेत याची थाप रोज नवी. कधी साहेब स्वतःलाच शोधायला गेलेले असत, तर कधी टेबलाखाली असत आणि शिपाई त्यांनाच विचारून थाप मारी. मामा शिपाईही होत, साहेबही होत आणि फोन करणारा चिडका माणूसही होत. 'गळ'मध्ये फसलेला माणूस कसा आधी गुरगुरतो आणि मग कसा विरघळतो, हे ते नुसत्या चेहऱ्यानं दाखवत. लोक चहा हातात धरून बघत राहत. "जो सांगतो त्याला ऐकावं लागत न्हाय," मामा मला म्हणाले, "आणि रोज रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला बहिरा कोण बोलंल?"

रेडिओ अर्थातच ऐकायची मामी. सकाळी भाकऱ्या थापत ती कान देऊन सगळं ऐके आणि मामा जेवणाचा डबा घ्यायला आले की त्यांच्यासमोर चुलीला पाठ करून उभी राही आणि आवाज न काढता सगळा कार्यक्रम करून दाखवी. मी अभ्यास सोडून दारातून बघत बसे. पिठानं माखलेले हात, आवाज अजिबात नाही आणि समोर मामांचं हसणं मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाणारं. मामा मध्येच अडवत. "असं बोललाच न्हाय तो." मामी म्हणे, "तुमी ऐकलंत काय?" यावर मामा डबा उचलून वाटेला लागत. नंतर मी रेडिओवर कामाला लागले तेव्हा जुने भाग शोधून ऐकले. मामांनी सांगितलेल्या कितीतरी गमती त्यात नव्हत्याच. त्या चुलीपासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी तयार झाल्या होत्या. कुणी रचल्या, मामीनं की मामांनी, हे दोघांनीही मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की एकमेकांकडे बोट दाखवत.

मी पदवीधर झाले, काही काळाने याच कार्यक्रमात लिहायला लागले. मामा एकदा स्टुडिओ बघायला आले होते. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून जाड काच असते, तिच्यासमोर ते हात मागे बांधून उभे होते. गाणं लागलं, माइक बंद झाला आणि निखिल आत कुणाशी तरी बोलू लागला. मामा मला हळूच म्हणाले, "ह्यो तुमच्या मोठ्या साहेबाला गाढव बोलतोय." मी त्यांना लगेच चहा प्यायला खाली नेलं.

आणि मग एक दिवस 'गळ'साठी आलेल्या नावांत मला मामांचं नाव दिसलं. नाव कळवलं होतं खुद्द रफीकशेठनी. त्यांनी फोनची वेळही सुचवली होती: त्या सुमाराला आमच्याकडे लाइट नसते, लूम बंद असतात, बोलणं नीट होईल. ही गंमत होती की परीक्षा, हे कळायला मार्ग नव्हता. नाव गाळावं तर शेठना संशय येणार. संध्याकाळी कोनला गेले. मामी घाबरून म्हणाली, "त्या दिवशी फोन घरीच ठेवा." मी म्हटलं, निखिल काय विचारणार ते मी लिहिलेलं असतं, पाठ करून जा. मामा माझ्या ओठांकडे बघत होते, त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "सांगू नको. आधी सांगितलं तं त्यात मजा काय?"

मी हेडफोन लावून बसले होते. निखिलनं नंबर फिरवला. माझी बतावणी अशी होती: एका वस्तुसंग्रहालयातून फोन आहे, भिवंडीतले जुने शेठ आता दुर्मीळ झालेत, तुमचे शेठ आम्हाला काचेच्या कपाटात ठेवायला हवेत, तर त्यांची निगा कशी राखावी हे जॉबर म्हणून तुम्ही सांगा. फोन उचलला गेला. निखिलनं नमस्कार करायच्या आत मामांचा खणखणीत आवाज आला. "हां साहेब, हां. शेठ इथंच हायेत, देतो." आणि फोन शेठच्या हातात.

नंतर मामांनी सांगितलं, खिशात फोन थरथरला, नंबर अनोळखी होता आणि समोर शेठ आणि सगळे कामगार श्वास रोखून त्यांच्याकडेच बघत होते. "एवढी तोंडं आपल्याकडे लागल्यावर फोन कोणाचा ते कळायला कान कशाला पायजेत?"

निखिलला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो माझ्या कागदात बघत होता, मामांचं बोलणं त्यानं नीट ऐकलंच नाही, आवाज बदललाय हेही त्याच्या लक्षात आलं नाही, त्यानं आपलं सुरू केलं. "तुमच्या शेठना तेल किती दिवसांनी घालावं लागतं?" शेठ म्हणाले, "किसको? अरे भाई, कुणाला तेल?" "फार आवाज करतात का? जुना माल आवाज करतोच." मागे कामगारांमध्ये हसू फुटत होतं. शेठना खेळ माहीत होता, पण आता सांगावं तर त्यांनीच आणलेली मजा जाणार, म्हणून तेही अडकले. "मैं मशीन नहीं, आदमी हूँ भाई. मालक हाय मी," असं ते शेवटी कळवळून म्हणाले आणि निखिल हसता हसता खुर्चीवरून वाकला. प्रक्षेपणाला त्यांनी लगेच परवानगी दिली. तो भाग लागला आणि शेठ पुढे कित्येक दिवस जातील तिथे लोक त्यांना तेलाचं विचारत. मामा सुटले होते. मामीनं त्या संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं आणि आम्हाला वाटलं, परीक्षा संपली.

मामांनी त्यानंतर अनेक वर्षं काम केलं. शेवटच्या आठवड्यापर्यंत.

गेल्या रविवारी रफीकशेठ कोनला आले. बाराव्यालाही आले होते, पण गर्दीत बोलणं झालं नव्हतं. आता खुर्चीवर बसले, पाण्याचा ग्लास हातात घेतला. मग मला म्हणाले, "बेटी, तुझा तो रेडिओवाला फोन झाला ना, त्यानंतरचं तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही." मामांनी क्षणभरही न ऐकता फोन देऊन टाकला, हे शेठना खटकलं होतं. फोन ठेवल्यावर लाइट अजून आलेली नव्हती. कारखान्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शेठ मामांसमोर उभे राहिले आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हणाले, उद्या नव्या लूमचं फिटिंग आहे, लवकर ये. ऐकू येणारा माणूस, ओठ वाचता येत असले तरी, आवाज का निघत नाही म्हणून चमकला असता.

"बाळाराम बोलला, 'येतो की शेठ, उजाडताच येतो.'" शेठनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. "तेव्हाच मला कळलं."

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मग काढलं का न्हाय त्यांना?"

"काढायचंच ठरवून घरी गेलो होतो, भाभी. दुसऱ्या दिवशी तो उजाडताच आला. मी इलेक्ट्रिशियनला बोलावला. प्रत्येक रांगेत दोरी लावली, ओढली की चारी भिंतींवर लाल दिवे पेटतात. ओरडायचं नाही, दोरी ओढायची, असं सगळ्यांना सांगितलं. विमेवाल्यांचा नियम हाय बोललो."

"विम्याचे दिवे," मामी म्हणाली. "हे बोलले होते मना. शेठनं विम्याचे दिवे लावले बोलले."

मी विचारलं, "पण तुम्हाला कळलंय हे मामांना सांगितलं का नाही?"

शेठनी ग्लास खाली ठेवला. "सगळ्यांसमोर दिलेला शब्द माझा. तो मोडलाय हे कुणाला दाखवू? आणि सांगितलं असतं तर…" ते जरा हसले. "तर त्यानं गोष्टी सांगणं बंद केलं असतं. लाइट गेल्यावर मग आम्ही काय केलं असतं?"

मामी म्हणाली, "म्हंजे यांना कदी कोन फसवू शकलं न्हाय, आणि तुमी इतकी वर्षं फसवलंत." शेठ म्हणाले, "की त्यानं मला? तेही माहीत नाही, भाभी." मामांना कळलं होतं का, हे आता कुणाला विचारणार…

दिवे बघायचेत, असं मामीच म्हणाली. परवा आम्ही दोघी भिवंडीला गेलो. मामी उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या कारखान्यात शिरत होती. गोंगाट असा की दारातच तिनं कानांवर हात घेतले. नवा जॉबर तरुण आहे, कान शाबूत आहेत. तो आमच्याकडे पाठ करून एका लूमवर वाकला होता. शेठनी बोटानं दोरी दाखवली. मामी जरा घुटमळली, मग तिनं ती ओढली. चारी भिंती लाल झाल्या. त्या तरुणाचा हात चालू लूमवरून झटकन मागे आला, एकामागोमाग एक लूम थांबले आणि सगळे चेहरे तिच्याकडे वळले. मामीनं हातानंच सांगितलं, काही नाही, चालू द्या.