डोंगराकडची खिडकी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आयुष्यभर बेकरीची गाडी चालवत होता. त्यात कमीपणा काही नाही, आमचे वडीलही ड्रायव्हरच होते. पण वडील घरी आले की माणसात यायचे. हा गृहस्थ जेवायला बसला तरी मान सरळ, नजर समोर, शेजारी कोण बसलंय याचा पत्ता नाही. तोंडावर मी त्याला मेहुणे म्हणते. मागे ठोकळा म्हणते, आणि त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही.

बेकरीतली त्याची पद्धत ठरलेली. पहाटे मागच्या दाराला गाडी उलटी लावायची. हमाल ट्रे आत सरकवायचे, गाडीचं दार लावायचे आणि दारावर पंजाने दोनदा थापटायचे. धप, धप. माल भरला, निघा! की हा निघाला. "ताई, मी कधी मागं वळून बघितलं नाही," असं छाती काढून सांगायचा, जणू रणांगणावरून परत आलाय. अरे बाबा, मागे पाव होते!

तो निवृत्त झाला तेव्हा बेकरीने ती जुनी गाडी त्यालाच देऊन टाकली. भंगारवाल्याने नको म्हटली असणार. मग याच्या डोक्यात आलं, गाडीतच घर करायचं आणि दोघांनी आरामात सगळा किनारा फिरून यायचं. माझी बहीण आनंदाने वेडी झाली. तिचा जन्म गेला मागच्या खोलीत शिलाई मशीनवर, आणि मशीनसमोर भिंत. पोपडे कुठे आलेत ते ती डोळे मिटून सांगेल. तिला एकच हवं होतं. चालत्या गाडीत खिडकीशी बसायचं, हातात चहा, आणि शेजारून समुद्र जात राहिला पाहिजे. "उतरून नाही गं ताई, जाता जाता. कुणीतरी मुद्दाम आपल्याला दाखवत नेतंय, असा." आणि ठोकळ्याने शब्द दिला होता.

याने आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, किटलीला हुक लावला. खिडकी एकच कापली. कुठल्या बाजूला? तर अंगणात गाडी शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून उभी होती, म्हणून मोकळ्या बाजूला. पुढे किनाऱ्याचा रस्ता आहे, समुद्र त्याच्या एकाच अंगाला असतो, हा विचार याच्या मनाला शिवला नाही. बहिणीने बिचारीने पडदा शिवला, कडेला बारीक लेस लावून.

पुढे ड्रायव्हरची तेवढी सीट. शेजारी बायको बसवता आली असती, तिथे याने पाण्याची टाकी आवळून बांधली. बहीण मागे, मध्ये पत्रा. बोलायची सोय नाही. मग नियम काय? तर ती आत चढली, दार लावलं, की आतून दोन थापा. थापा ऐकल्या की हा गाडी सोडणार. बायको झाली म्हणून काय, पद्धत ती पद्धत!

पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. "ताई, डोंगर किती छान आहे गं."

मी काय ते समजले. "आणि समुद्र?"

"तो यांच्या बाजूला आहे. ते म्हणाले, येताना ह्याच रस्त्याने येऊ, तेव्हा तुझ्या बाजूला येईल."

हिशोब चुकीचा नव्हता. म्हणून तर ती गप्प बसली. दिवसचे दिवस तिने खडक बघितले, दरडीला बांधलेल्या जाळ्या बघितल्या. मुक्कामाला तरी समुद्र? छे! हा प्रत्येक ठिकाणी जाऊन हॉटेलच्या मागच्या दाराला गाडी उलटी लावायचा, खरकट्याच्या पिंपांशेजारी. एकदा ती चालत पाण्यापर्यंत गेली, तर याने हॉर्न वाजवून वाजवून परत बोलावली आणि पायाची वाळू धुतल्याशिवाय आत घेतली नाही. हे सांगताना ती हसत होती. माझं डोकं तापलं.

शेवटी रस्ता संपला आणि परतीची सकाळ उजाडली. "ताई, आज माझी बाजू! किटली भरलीय, पडदा बांधून ठेवलाय," ती म्हणाली. तिचा आवाज मी लग्नानंतर असा ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने परत फोन. "ताई, खिडकीतून गोदामं दिसतायत."

याने पहिल्याच फाट्यावरून गाडी आतल्या हमरस्त्याला घातली होती. तिने पत्रा बडवून गाडी थांबवली, विचारलं. तर म्हणे, "समुद्र जाताना बघितलाच की. हा रस्ता सरळ आहे." बघितलाच की! कुणी बघितला रे? मला इतका संताप आला की हातातलं भांडं आपटलं मी. "उतर तू," म्हटलं. "तिथल्या तिथे उतर." तिने फोन ठेवला.

दिवस कलायच्या आत गाडी माझ्या दारात आली. अर्थातच उलटी. मेहुणे खाली उतरले. "आलो बघा ताई. सरळ रस्ता, कसला त्रास नाही." आणि मागचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. किटली हुकाला, कप विसळून पालथा घातलेला. पडदा नव्हता, नुसता दांडा होता. हा खुळ्यासारखा आत चढला आणि पलंगाखाली वाकून बघितलं. बायको शोधायची जागा ती!

"पंपावर थांबलो होतो," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "पण दार लागलं. दोन थापा ऐकल्या मी, ताई. त्याशिवाय मी निघतच नाही."

त्याने पंपावर फोन लावला. मी शेजारीच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. "हॅलो, आमचं काहीतरी तिथं राहिलंय."

काहीतरी!

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी आत गेले. मागे बसचा खडखडाट येत होता.

"ताई, खिडकीची जागा मिळाली," बहीण म्हणाली.

"दिसतोय?"

"दिसतोय." मग म्हणाली, "चहा नाही, पण चालेल."

"अगं, उतरणार कुठे?"

"ठरवलं नाही अजून. आणि ताई, गाडीच्या दाराला बाहेरून किती धूळ गं! थापटून तळवे काळे झाले माझे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. बाहेर येऊन बघते तर ठोकळा गाडीजवळ तसाच उभा. "कोण होतं, ताई? तिचा काही पत्ता?"

मी गाडीचं मागचं दार लावलं आणि दोनदा थापटलं. धप, धप.

आणि तो चढला हो! कुठे जायचं, कशाला, काही विचारलं नाही. सीटवर बसला, गाडी सुरू केली आणि गेला निघून, बायकोला शोधायला, त्याच सरळ रस्त्याने.