साळव्यांचं नाव पुकारलं तेव्हा

मंडळी, आत्ताच चर्चमधून आले आणि साडीही न बदलता लिहायला बसलेय.

आज आमच्या गिरगावातल्या मराठी चर्चचा स्थापना दिन. या दिवशी पाळकसाहेब चर्च उभारणाऱ्या पहिल्या कुटुंबांची आडनावं पुकारतात आणि त्या त्या घरातली माणसं उभी राहतात. साळव्यांच्या घरातल्या शेवटच्या, आमच्या साळवेबाई, यंदा गणपतीनंतर गेल्या.

"साळवे," पाळकसाहेब म्हणाले. मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बाईंच्या चाळीतल्या शेजारीण सावंतकाकू उठल्या.

माझ्या बाजूची कुजबुजली, "अगं, ह्या कुठे आपल्या चर्चच्या मंडळीतल्या?" असा राग आला मला! बाईंच्या आजारपणात रोजचा डबा कोण द्यायचं? आपण?

"बाई म्हणायच्या, माझ्यानंतर आमच्या नावाला कोणी उभं राहायचं नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून आले. चालेल ना?"

पाळकसाहेबांनी मान डोलावली.

"मग बसू का आता? गुडघे दुखतायत."

सगळे हसले. पाळकसाहेब मात्र बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. घरातलं कोणी उरलं नाही, तर तुमच्या नावाला कोण उठेल हो? आणि तुम्ही कोणाच्या नावाला उठाल?