आवाज बाहेर न जाणारा शेट

जानराव वानखडे बडनेऱ्याला रेल्वेच्या तारखात्यात मेकॅनिक होते. दिवसभर खांबांवरच्या तारा नि स्टेशनांतले टेलिफोन दुरुस्त करायचे आणि घरी आले की पुन्हा तारांतच बसायचे. हाताने रेडिओचा सेट, त्यांच्या बोलीत शेट, बांधायचा नाद होता त्यांना. रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरच्या ओसरीवर असेच नादी लोक जमत. अमरावतीचा कापडदुकानदार शालिकराम यायचा, पोस्टातले दोघे यायचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक मदतनीस यायचा. कोणी कॉइल गुंडाळून आणी, कोणी जळका व्हॉल्व्ह, कोणी नुसतीच शंका.

ओसरीवर नियम एकच. बोलायचं ते शेटाबद्दल. वेगळा विदर्भ की मुंबईसकट महाराष्ट्र, मत कोणाला, देऊळ कोणाचं, सोयरीक कुठली, यातलं काही नाही.

हा नियम जानराव अकोल्यात शिकले होते. बदली होण्याआधी जुन्या शहरात एका शिंप्याच्या मागच्या खोलीत अशीच मंडळी जमायची. छप्पन साली तिथे एका संध्याकाळी राज्यांच्या सीमेवरून वाद पेटला. सीमेवरून भाषेवर, भाषेवरून जातीवर आला. जानराव नुकतेच नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. कोणीतरी हसत विचारलं, "मंग आता तुमाले काय म्हनाचं जी?" बाकीचेही हसले. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं.

तेव्हापासून कोणी तोंड उघडलं की या वाक्याच्या पोटात काय आहे, तेच जानराव आधी बघत.

"आज पेपरात वाचलं," असं कोणी म्हटलं की ते विचारत, "व्हॉल्व्हाचं वाचलं काय?"

"यंदा कापसाले भाव," असं शालिकराम सुरू करी.

"सूत गुंडाळलेल्या तारेचं बोलत असान, त बोला."

लोक हसत, पण ऐकत. वर्षामागून वर्षं गेली, ओसरी टिकली.

बासष्टच्या डिसेंबरात महादेवराव गावंडे पहिल्यांदा आले. दर्यापूरकडचे शेतकरी, पन्नाशीचे, पांढरं धोतर, बोलणं हळू. चीनची लढाई नुकतीच थांबली होती. हेर धरल्याच्या बातम्या गावोगाव फिरत होत्या, आणि ओसरीवर त्या बोलता येत नव्हत्या म्हणून लोकांच्या डोळ्यांत जास्तच दिसत होत्या.

"मले असा शेट पायजे," महादेवराव म्हणाले, "का माह्याच कानात बोलन. बाजूच्याले आयकू जाऊ नये."

"हेडफोनचा. होते."

"अन् लय दूरचं स्टेशन धरलं पायजे. हिमालयाच्या पल्याडचं."

ओसरीवरचे हात थांबले. महादेवरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "माह्या घरी असं झालं, का–"

"घरचं घरी," जानराव म्हणाले. "कॉइलचं बोला."

दर रविवारी असंच. ते दोन शब्द बोलत, जानराव ते मधेच तोडत. मग मान खाली घालून ते शॉर्टवेव्हची कॉइल शिकत. एका रविवारी उठताना शालिकराम जानरावांच्या कानाशी आला. "मानूस बरा नाई वाटत, जानराव. कोनाले आयकू न येनारा शेट कायले लागते?"

जानरावांना तेच वाटत होतं. पण शालिकरामला एवढी काळजी कशाची, हेही वाटून गेलं.

"मंग इचारा ना त्याइले," हे ऐकून त्यांची बायको इंदूबाई म्हणाल्या.

"इचारलं का विषय निंगते. एक निंगला का धा निंगतात."

"मंग बसा असेच मनात घोळवत."

शेट तयार झाला, महादेवराव तो घरी घेऊन गेले, तरी शंका जाईना. घोळवून घोळवून जानराव शेवटी सुटीच्या दिवशी दर्यापूरच्या बसमध्ये बसले. एरियल नीट लागलं का, ते पाहायला आलो, असं सांगायचं ठरवलं होतं.

घराच्या छपरावर एरियल नव्हतंच. तार गोठ्यात, आढ्याच्या आतून लपवून ओढलेली होती. तेवढ्यात महादेवरावांची बायको जमुनाबाई पाणी घेऊन आली. गडवा घरातला की बाहेर वेगळा ठेवलेला, हे जानरावांनी सवयीने पाहिलं. घरातलाच होता.

"तुमी बडनेऱ्याचे काय?" ती म्हणाली. "आमचा गजानन पलटनीत हाय. दिवाईपासून चिठ्ठी नाई. हे म्हनतात, बर्फात टपाल अडकलं. तुमी रेल्वेतले, तुमाले मालूम असन."

जानरावांनी गडवा रिकामा करून ठेवला. ते गोठ्यात गेले. महादेवराव कडब्यावर बसले होते, हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. चाहूल लागताच दचकून उठले.

"कोनतं स्टेशन आयकता?" जानरावांनी विचारलं. शेटाबाहेरचा पहिलाच प्रश्न.

"चीनचं."

लपवलं नाही, सबब सांगितली नाही. दाराकडे पाहून ते हळूच म्हणाले, "पोरगा हरपला, अशी पलटनीतून खबर आली. हिले सांगतलं नाई. कोनं तरी म्हने, तिकून धरलेल्या शिपायाइचे नावं हिंदीत वाचतात कधी कधी. खरं का खोटं, देव जाने. पन नुसती खरखर येते जी."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"पयल्या दिवसापासून सांगून राह्यलो. तुमी सांगू देल्लं काय?"

जानराव कडब्यावर बसले. हेडफोन लावून पाहिल्यावर म्हणाले, "माह्या मोठ्या शेटावर साफ येईन. पन आंधी बाईले सांगा. तिच्यापासून लपवून मी नाई आयकवनार."

त्या रविवारी जानरावांनी मंडळींना सगळं सांगितलं आणि मोठ्या शेटाचा काटा फिरवू लागले. शालिकराम उभा राहिला.

"सरकारी क्वार्टरात दुश्मनाचं स्टेशन? अन् आमाले कापसाचं बोलू देत नवते तुमी!"

पोस्टातला एक जण शालिकरामच्या बाजूने बोलला, प्रयोगशाळेतला माणूस विरुद्ध. देश निघाला, सरकार निघालं, शेवटी कोण कोणाच्या जातीचं तेही निघालं. जानरावांनी कोणालाच थांबवलं नाही. कोपऱ्यात महादेवरावांजवळ जमुनाबाई बसली होती. तिला आता सगळं ठाऊक होतं. ती भांडणाकडे न बघता शेटाकडेच बघत होती. शालिकराम आणि पोस्टातले दोघे निघून गेले, ते कायमचे.

आठवड्याभरात पोलीस आला. रेडिओचं लायसन पाहिलं, शेट पाहिला, काटा कुठे आहे तेही वाकून पाहिलं आणि गेला. कोणी सांगितलं असेल, याबद्दल जानरावांच्या मनात शंका नव्हती. पुरावा मात्र नव्हता.

गजाननचं नाव रेडिओवर कधीच आलं नाही. उन्हाळा लागता लागता पलटणीकडूनच कळलं की तो कैदेत जिवंत आहे, आणि मे महिन्यात तो परत आला. थंडीने पायाची दोन बोटं गेली होती. जमुनाबाईने त्याला स्टेशनावरून सरळ वानखड्यांच्या ओसरीवर आणलं. तो शेटाशी फार वेळ बसला नाही, जेवून झोपी गेला.

पुढे एकदा अमरावतीत राजकमल चौकात शालिकराम समोरच आला. त्याने आता स्वतःची मंडळी जमवली होती, असं जानरावांच्या कानावर होतं.

"पोलिसाले मी नवतं सांगतलं," तो एकदम म्हणाला.

"मी कुठी इचारलं?" म्हणून जानराव चालू लागले.

घरी आल्यावर इंदूबाईंना म्हणाले, "न इचारता सांगते, म्हंजे त्यानंच सांगतलं असन."

"अन् नसन सांगतलं त?"

जानराव उठून बाहेर आले. पुढच्या रविवारी शालिकरामकडे चक्कर टाकावी का, याचा विचार करत ते उशिरापर्यंत ओसरीवर बसून राहिले. गेले मात्र नाहीत.