बोंबलाच्या जागी बटाटा

क्षमा पेडणेकरचं नाव निघालं की हल्ली माझं तोंड कडू होतं. पंधरा वर्षं आमच्या मुलुंडच्या नाट्यमंडळात ती एकटी रंगमंचावर उभी राहून माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगायची आणि मी तिच्यासाठी दिवे सांभाळायचो. त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

मंडळाचा नियम एकच होता, आणि तोही तिनेच घातलेला. गोष्ट ज्या माणसाची, ते माणूस पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणार. त्याने नको म्हटलं की गोष्ट बंद, मग ती कितीही रंगलेली असो.

सगळ्यात रंगायची ती मालनकाकींची. या काकी क्षमाच्या विक्रोळीच्या चाळीत तिच्या शेजारी राहतात. गिरणीच्या संपात त्या लालबागला होत्या, घरात तांदळाशिवाय काही नव्हतं, आणि ते शेजारपाजाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून त्या सुक्या बोंबलाचं एक डोकं तव्यावर भाजायच्या. वास मजलाभर जायचा. मग ते डोकं परत डब्यात, उद्यासाठी. पोरं त्या वासावर कोरडा भात खायची. एकच डोकं त्यांनी आठ दिवस पुरवलं.

क्षमा हे सांगताना हातात काहीच घ्यायची नाही, नुसता तवा धरल्यासारखा हात पुढे करायची, आणि समोरची माणसं चक्क वास घ्यायची. पहिल्या प्रयोगानंतर काकींनी एवढंच सांगितलं होतं की पोरांची नावं घेऊ नकोस. त्याच दिवशी नावं गेली.

तीन वर्षांपूर्वी क्षमा अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत लागली. ब्रँडच्या गोष्टी लिहायचं काम. यात मी काही वावगं मानलं नाही, पोट सगळ्यांनाच असतं. मंडळात ती वर्षाला एक प्रयोग करत राहिली. पण हळूहळू तिच्या तोंडी माणसांचे कन्झ्युमर झाले आणि रडण्याचं इमोशनल कनेक्ट झालं. ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

मग एक मसालेवाले आले. मीटिंगमध्ये क्षमाने बोंबलाची गोष्ट सांगितली. सगळ्यांचे डोळे पाणावले, हे तिनेच मला फोन करून खुशीत सांगितलं. म्हणाली, काकींनाच घेऊ, तूच त्यांना ऑडिशनला घेऊन ये. मी घेऊन गेलो. तेव्हा या घाणीत माझेही हात आहेतच.

काकी इस्त्रीची साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून आल्या. देवेश नावाचा त्यांच्या नातवाच्या वयाचा दिग्दर्शक त्यांना म्हणाला, तव्यासमोर उभ्या राहा आणि रडा.

"तव्याफुडे रडाक येळ खंय होतो?" काकींनी विचारलं.

देवेश क्षमाकडे वळून, काकींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "यार, काकू ऑथेंटिक वाटत नाहीत."

मी क्षमाकडे बघत होतो. ती मोबाइलमध्ये बघत होती.

पुढे मसालेवाल्यांनी कळवलं की त्यांच्या जाहिरातीत मासळी चालत नाही. बोंबील गेला, बटाटा आला. उपासमार जाऊन आईच्या हाताची चव आली. आणि हे दुसऱ्या कुणी नाही, क्षमाने स्वतः लिहिलं. मी फोनवर विचारलं, बटाटा भाजल्याचा वास मजलाभर जातो का गं? तर म्हणाली, चिल ना, भावना तीच आहे. मी फोन ठेवला आणि खरंच चूळ भरली.

जाहिरात टीव्हीवर लागली तरी काकींना कुणी दाखवली नव्हती. मी मागेच लागलो, तेव्हा एका रविवारी क्षमा मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेली. मीही गेलो. काकींनी चष्मा लावून दोनदा बघितली. हिरव्या साडीतली गोरीपान बाई, खोलीएवढा ओटा, खिदळणारी तीन पोरं.

"बाई बरी दिसता," त्या म्हणाल्या. "पण हिच्या घरात उपाशी कोण आसा गो?"

जाहिरातीत सगळंच दाखवता येत नाही, वगैरे क्षमा सांगत राहिली. काकींनी ऐकून घेतलं, आम्हाला चहा दिला. आम्ही चपला घालत होतो तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "ती गोष्ट आता सांगा नको. नियम तुझोच ना?"

क्षमाने मान हलवली. जिन्यात ती रडली, आणि मला तिची दया आली नाही. आमच्या यंदाच्या प्रयोगात तिने दुसरीच काहीतरी गोष्ट सांगितली. तो हात पुढे करून पाहिला, पण समोर कुणी वास घेतला नाही.

कंपनीला आमचा नियम लागू नाही. जाहिरात अजून रोज लागते, आणि चाळीतल्या बायका कौतुकाने ओरडतात, काकी, तुमची लागली. मग मालनकाकी उठतात आणि दार लावून घेतात.