पाण्यावर पाणी

देशादेशांची भांडणं मिटवणारे लवाद आता विश्वासाचे राहिले नाहीत, अशी ओरड हल्ली पेपरात वाचते आणि मला हसू येतं. माहेर आणि सासर हीसुद्धा दोन राष्ट्रंच असतात. माझ्या दोन राष्ट्रांच्या मध्ये एक तलाव होता.

सत्तरचं दशक, लग्नानंतरचं माझं पहिलं वर्ष. धान ऐन निसवायला आलं आणि पावसाने दडी मारली. तलाव माहेरच्या ताब्यात, खाली सासरच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भेगाळलेल्या. सासू उठताबसता म्हणायची, "तुया बापानं पानी अडवलं, अन् तू चूप बसून राहिली." वरच्या गावाचे पुढारी बाबाच होते, त्यामुळे तिचं खोटंही नव्हतं. मला जेवण जाईना.

शेवटी पंच नेमायचं ठरलं. पण तिऱ्हाईत आणायचा कुठून? पवनीपर्यंत शोधलं, तर ज्याला त्याला कुठल्या तरी गावात साडू नाही तर आत्या निघे. अखेर लाखांदूरच्या एसटीचा कंडक्टर धरला. तो साताऱ्याकडचा, इथलं कुत्रंही त्याला ओळखत नव्हतं.

त्याने तलावाच्या पाळीवर बसून दोन्ही बाजू ऐकल्या. निम्मं त्याला कळलंच नसावं. ड्रायव्हरने हॉर्न दिला तसा तो उठला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "यंदा तुम्ही या पाण्यावर पाणी सोडा." आणि गेला.

म्हणजे आम्ही हरलो. सासऱ्यांचा चेहरा पडला. सासू मात्र ताडकन उठली.

"आयकलं ना? पंच म्हनला, पानी सोडा. उघडा तुडुम." तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार.

वरचं गाव खवळलं. "तसं नाही म्हनला तो. आशा सोडा म्हनला."

"मंग बलावा त्याले," सासू म्हणाली. एसटी केव्हाच वळणापार गेली होती.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा शिकलेले, त्यांना अर्थ पक्का ठाऊक होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक चावत उभी होते.

"पानी सोडा म्हनजे पानी सोडा," ते म्हणाले. "कायले शब्दाले फाटे फोडता?"

तुडुम उघडलं. मी सगळ्यांदेखत रडले. सासू त्या दिवसापासून बाबांना व्याही म्हणायला लागली.

आज कोणी निःपक्ष लवादाची थोरवी सांगितली, की मी म्हणते, असेल बापा. पण त्याची लेक खालच्या गावात दिलेली नसते.