धाकटीची आई

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. नात्याने त्या एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. गंमत म्हणजे थोरली वयाने तीन वर्षांनी लहान, नुसतीच ताडमाड वाढलेली. एकोणीस वर्षं दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत आल्या. मग त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, धाकटी पोटाच्या दुखण्याने गेली. रजेच्या अर्जात मैत्रीण हे नातं चालत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी थोरली कामावर हजर.

मागे उरली धाकटीची आई. सत्तरी ओलांडलेली, जिभेला हाड नसलेली. धाकटीच्या भावाने परगावच्या वृद्धाश्रमात तिची सोय परस्पर ठरवून टाकली. थोरलीने धीर करून विचारलं, "मावशींना माझ्याकडे राहू द्याल?"

"तुम्ही कोण तिच्या?"

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. म्हातारी खाली मान घालून बसली होती. थोरलीला ती हवी होती आणि त्यात उपकार वगैरे काही नव्हता. धाकटीबद्दल बोलायला तिला जगात दुसरं माणूसच उरलं नव्हतं.

सामान बांधायच्या दिवशी थोरली मदतीला गेली. दोरीवरची चादर काढून सवयीने तिने दोन टोकं धरली आणि उरलेली दोन कुणीतरी धरेल म्हणून उभी राहिली. म्हातारी उठली, टोकं उचलली आणि भलतीकडूनच दुमडायला लागली.

"उलटं नाही! किती वेळा सांगू तुला?" थोरली खेकसली आणि लगेच जीभ चावली.

भाऊ भडकला. "माझ्या आईशी असं बोलता?"

"तू गप्प बस," म्हातारी म्हणाली. "तीन आठवडे सगळे माझ्याशी परक्यासारखं गोडगोड बोलताहेत. ही एकटी ओरडली. मी हिच्याकडे जाणार."

भावाने थोडी आदळआपट केली. मनातून सुटलाच बिचारा.

संध्याकाळी थोरलीच्या खोलीत म्हातारीने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. "तो म्हणतो, ती झोपेतच गेली. तू होतीस ना तिथे? त्रास झाला का गं तिला?"

याच प्रश्नासाठी थोरलीने एक खोटं उत्तर तयार ठेवलं होतं. ते काही तोंडातून निघेना.

"झाला, मावशी. खूप झाला. शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होती."

म्हातारीने तिचा हात घट्ट धरला.

"सगळं सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस."