वाडीतला समुद्र

कोणताही ड्रायव्हर समुद्राच्या बाजूने गाडी घेऊन आला, की ताई मालाची बिल्टी हातात घेण्याआधी काउंटरवरून हात पुढे करायच्या.

"पाणी आणलं काय गा?"

नवा ड्रायव्हर असला तर गोंधळून कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवायचा. जुना असला तर हसत केबिनमधून बाटली काढून आणायचा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली आणि आत समुद्राचं पाणी. कोणी मुंबईचं आणायचा, कोणी विशाखापट्टणमचं. ताई झाकण उघडून वास घ्यायच्या, एक घोट तोंडात धरायच्या आणि गाल फुगवलेल्या चेहऱ्यानेच गाडीचा नंबर लिहून घ्यायच्या. मग मागे मोरीत थुंकून यायच्या आणि निकाल सांगायच्या, "हे बरं आहे. मागचं लई कडू होतं."

एका ड्रायव्हरने एकदा ढाब्यावरच्या पाण्यात मीठ कालवून बाटली भरली. ताईंनी घोट घेतला आणि सरळ गिळून टाकला. "अबे, लिंबू पिळून आणलं असतं तर शरबत झालं असतं. पुढच्या खेपेले खरं आण." सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात जास्त तो ड्रायव्हरच हसला, आणि पुढच्या खेपेला त्याने खरोखर दोन बाटल्या आणल्या.

आमचं ऑफिस म्हणजे अमरावती रोडवर, वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामाला लागून असलेली पत्र्याची खोली. समोर दिवसभर ट्रक, धूळ आणि हॉर्न. नागपुरातून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र लवकर येत नाही. अशा ठिकाणी पन्नाशी ओलांडलेली बुकिंग क्लार्क बाई समुद्रात पोहण्याची तयारी करते आहे, हे नव्या ड्रायव्हरला कोणी सांगितलं, की त्याला ती नव्या माणसाची थट्टा वाटायची.

मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शाळा तालुक्याच्या गावातली, त्यामुळे फोनवर कोणी मोठ्याने हिंदी बोललं तरी मी रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायची. फोन वाजला की ताई म्हणायच्या, "उचल ना वं. माझे हात कामात आहेत." मी पाहायची, तर त्यांचे हात रिकामे, मांडीवर ठेवलेले. आज मी त्याच फोनवर दिवसभर व्यापाऱ्यांशी भांडते आणि त्याचा पगार घेते. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

पोहण्याचं खूळ मात्र आधीपासूनचं नव्हतं. ताई वैनगंगेच्या काठच्या, लहानपणी नदीत पोहलेल्या. पुढे संसार, नोकरी, कंबरदुखी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागल्या होत्या, एवढंच. बाकीचं एका ताडपत्रीपासून सुरू झालं.

एका सकाळी आमच्या एका ड्रायव्हरने लांबच्या गावाहून एका बाईला आणि तिच्या मुलीला गाडीत आणून गोदामापाशी उतरवलं. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. महिन्याच्या महिन्याला सरकारी दवाखान्यात यायचं, कधी लगेच सुट्टी, कधी चार-पाच दिवस मुक्काम. मुलीला आत खाट मिळायची तेव्हा मिळायची, नाहीतर दोघी व्हरांड्यात. बाई काउंटरपाशी आली आणि हळूच म्हणाली, "एखांदी फाटकी ताडपत्री असंन तर द्या ना जी."

"काहून पाहिजे?" ताईंनी विचारलं.

"खाली टाकाले. फरशी गार लागते. गारव्यानं पोरीचे हाडं ठणकतात, मंग रातभर रडते."

ताईंनी फाटकी नाही, चांगली ताडपत्री दिली. मालकांना काय सांगायचं ते मी सांगते, म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. डबा तसाच घरी नेला.

आठवड्याभराने त्यांनी जाहीर केलं. दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घ्यायची, अशा मुलांच्या आयांसाठी. वर्षभराचं भाडं जमवायचं. आणि ते जमवण्यासाठी कोकणात दरवर्षी होणाऱ्या समुद्री पोहण्याच्या स्पर्धेत त्या उतरणार.

"नुसते पैसे मागा ना ताई, पोहायचं कशाला?" मी म्हटलं.

"मागितलं तर लोक एक डाव देतात आणि दुसऱ्या डावाले रस्ता बदलतात. काही करून दाखवलं, तर त्याहिलेही द्याची मजा येते."

"आणि जमलं नाही तर?"

"पाहू ना, काय होते ते."

हे त्यांचं पालुपद होतं. ट्रक घाटात बंद पडला तरी तेच, साहेब चिडले तरी तेच.

गांधीबागेतल्या कापडाच्या व्यापाऱ्यांच्या गाठी आमच्या गाड्यांतून जायच्या. ताईंसोबत मी तिथे दुकानोदुकानी फिरले. सगळे हसायचे, पण खिशाकडे हातही जायचा. ताई तो हात अडवायच्या. "आता नको. आधी पोहू दे." एक शेठ म्हणाले, "ले जाओ ना ताई, विश्वास आहे." ताई म्हणाल्या, "मी बुडाली तर वसुलीले कुठं जासाल? आधी पोहू दे." एक पैसाही आधी घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आम्हाला तो मोठा बाणेदार वाटायचा.

तयारी कशी चालायची ते एकदा पाहायला मी तलावावर गेले. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही काठावर बसून पोट धरलं असतं. बॅचमधल्या बहुतेक बायका गुडघेदुखीवाल्या, त्या पोहायच्या कमी आणि पाण्यात उभं राहून सुनांबद्दल जास्त बोलायच्या. त्यांना ताईंनी कामाला लावलं होतं. दोन रांगा, मधून ताईंची वाट. ताई ओरडायच्या, "करा वं लाटा!" की सगळ्या दोन्ही हातांनी पाणी झोडपायला लागायच्या. ताई त्या खळबळीतून नाकातोंडात पाणी जात, खोकत पुढे सरकायच्या.

"बाप्पा, ताई बुडली वाटते!"

"नाही बुडत ते. मार अजून जोरात. सासूची आठवण कर!"

बॅच संपली की सगळ्यांचे खांदे दुखायचे. पण एकही बाई सुट्टी घ्यायची नाही.

कोकणात मी त्यांच्यासोबत गेले. मीही समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. पहाटे किनाऱ्यावर ताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळ तोंडात घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गरम आहे वं! बाटलीत हे कळलं नव्हतं."

मी सोबतच्या नावेत बसले. सुरुवातीला त्या छान जात होत्या. तलावातल्या लाटा दोन्ही बाजूंनी यायच्या. इथे लाट खालून यायची, उचलायची आणि सोडून द्यायची. तेही त्यांनी जमवून घेतलं. मग पाणी फिरलं. त्या हात मारत होत्या, मला त्यांचे हात दिसत होते, पण किनाऱ्यावरचं एक नारळाचं झाड मी खुणेसाठी नजरेत धरून ठेवलं होतं ते काही मागे पडेना. बराच वेळ ते झाड तिथेच राहिलं.

नावाडी म्हणाला, "बाई, आता वर या. ओहोटीची ओढ आहे."

"पाहू ना थोडं," पाण्यातून आवाज आला.

अजून थोडं पाहिलं. झाड हललं नाही. शेवटी स्पर्धेवाल्यांची शिट्टी वाजली आणि आम्ही दोघांनी ताईंना दंडांना धरून नावेत ओढलं. त्या रडल्या नाहीत. टॉवेल गुंडाळून बसल्या आणि शेवटची रेषा कुठे होती, ते नावाड्याला विचारलं. त्याने हात लांब करून दाखवलं. परतीच्या पूर्ण प्रवासात ताई खिडकीबाहेर पाहत होत्या.

वाडीत परतलो तर लोक पैसे घेऊन तयार. ड्रायव्हर, चहावाला, गांधीबागेतले शेठ. ताईंनी सगळ्यांना हात जोडले. "पूर्ण झालं नाही. पैसे घेता येत नाही." पुढच्या वर्षी पुन्हा जाईन, तेव्हा द्या. सगळ्यांनी समजावलं, मालकांनीसुद्धा. ताई हलेनात. मलाही त्या तेव्हा फार थोर वाटल्या, हे खरं सांगते.

मग त्या मुलीची दवाखान्याची तारीख आली. ती बाई पुन्हा आमच्याच गाडीतून उतरली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली. रस्त्यात ड्रायव्हरने तिला सगळं सांगितलं होतं. ती काउंटरपाशी उभी राहिली, आवाज न चढवता बोलली.

"ताई, पोहणं तुमचं राह्यलं. आमचं झोपणं काहून थांबवून राह्यले जी?"

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याची शिट्टी वाजत होती. ताई टेबलावरचा शिक्का उचलत होत्या, ठेवत होत्या.

"बरोबर बोलून राहिली तू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "चल वं. गांधीबाग."

त्या दिवशी प्रत्येक दुकानात त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "मी हरली, आधीच सांगून देते. तरी द्याल काय?" आधी ज्यांचे हात अडवले होते, त्यांच्याकडेच आता मागताना त्यांचा चेहरा लाल व्हायचा. एका शेठने, बोलल्याप्रमाणे झालं नाही, असं म्हणत चहा पाजून परत पाठवलं. पायऱ्या उतरताना ताई म्हणाल्या, "त्याचं चुकलं नाही." बाकी सगळ्यांनी दिले.

ताई पुन्हा समुद्रात गेल्या नाहीत. कंबर परत धरली. नंतर निवृत्त होऊन मुलाकडे रायपूरला गेल्या. तिकडेही समुद्र नाही. आम्ही फोनवर विचारतो, ताई, पुन्हा कधी? त्या म्हणतात, पाहू ना.

मला मात्र त्या आठवतात त्या खोली मिळाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी. आदल्या संध्याकाळी ती बाई आणि तिची मुलगी तिथे राहायला गेल्या होत्या. ऑफिसला जाण्याआधी आम्ही दोघी त्यांना पाहायला गेलो. दार आतून बंद. मी कडी वाजवली. काही आवाज नाही. पुन्हा वाजवली, हाक मारली. मला भीती वाटायला लागली, मुलीचं काही झालं तर नाही? ताईंनी खिडकीच्या फटीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग माझा हात कडीवरून काढला.

"झोपल्या आहेत वं दोघी. उताण्या. ठोकू नको."

आणि दाराबाहेरच्या पायरीवर पदर सावरून बसल्या. ऑफिसची वेळ झाली, होऊन गेली. माझा फोन वाजला, साहेबांचा होता. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं, तो बंद कर म्हणून खुणावलं आणि भिंतीला पाठ टेकून, आतल्या दोघी उठायची वाट पाहत बसून राहिल्या.